वाऱ्याची बाजू

मोंतेविदेओत वारा नदीकडून येतो.
नदीच म्हणायचं तिला,
पलीकडचा काठ दिसत नसला तरी.
ओद्रिओसोला सकाळी बंदरावर निघायचा
ती डाव्या हाताला ठेवून, काठाकाठाने.
संध्याकाळी मात्र दोन गल्ल्या आतून परतायचा,
कारण तेव्हा वारा भांगाच्या उलट.

हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.
न्हाव्याला सांगावं लागत नाही.

डाव्या कानावरचे केस वाढवून
उजव्या कानापर्यंत ओढलेले.
तोकडी चादर, पाय झाकले की डोकं उघडं;
इथं तर पायांचा प्रश्नच नव्हता.
काखेत थर्मास, एका हातात येर्बाचा तुंबा,
आणि दुसरा हात सतत डोक्यावर,
पत्र्यावर ठेवलेल्या दगडासारखा.

मी कातरीचा आवाज काढायचो, भरपूर,
नुसत्या हवेत,
पूर्ण पैशांचं काम झालंसं वाटावं म्हणून.

मग एका मार्चमध्ये, शाळा उघडल्या त्या आठवड्यात,
म्हणाला, "वील्मार, बाजूचे जरा कमी कर."
जरा म्हणजे किती
ते दोघांनाही ठाऊक होतं.
मशीनला सहा नंबरची कंगवी लावली.
ती लांब बट फरशीवर पडली.
मी लगेच झाडू घेतला नाही,
म्हटलं, असू दे थोडा वेळ.

बंदरात तो कंटेनरांची वजनं लिहितो.
दुसऱ्या दिवशी तिथं कुणी चकार शब्द काढला नाही.
दहा वर्षं ज्यांच्यापासून लपवलं
त्यांनी पाहिलंच नव्हतं कधी!
याचं त्याला इतकं लागलं
की जूनमध्ये तो चारवर आला.

आणि मग गायब.
मेलो गावच्या कुणा बाईचं तेल लावायचा म्हणे,
कांद्याच्या वासाचं.
त्याची मुलगी इरुपे
ताट उचलून स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायची.

सप्टेंबरात आला, लोकरीची टोपी घालून.
त्याच्या आधी तिघं बसलेले.
टोपी काढली नाही, वर्तमानपत्र उलटं धरलं.
खुर्चीत बसल्यावर काढली:
शेवरीचा कापूस उडून गेल्यावर
बोंडाला राहतात तसे तंतू.
"दोन," म्हणाला.
मी कंगवी बसवेपर्यंत, "नको. एक."

एक नंबरला मशीनचा आवाज बदलतो.
रिकाम्या खोलीत खुर्ची सरकवावी तसा.

वस्तरा नोव्हेंबरात.
त्यानं मागितला नाही, मी विचारलं नाही.
मी गरम टॉवेल डोक्यावर ठेवला
आणि तो उठला नाही, एवढंच.

माथ्याच्या मागं, फेसाखाली, एक खळी लागली.
करंगळीचं टोक बसेल एवढी.
"हे काय?" मी म्हटलं.
त्याला माहीत नव्हतं,
पंचावन्न वर्षं हे डोकं वापरून.
तशाच अवतारात साल्तोला बहिणीला फोन लावला.
पलीकडून ती मोठ्यानं बोलते, सगळ्या दुकानाला ऐकू आलं:
"विहिरीचा रहाट! तू तीन वर्षांचा होतास.
आई रोज त्यावर केस ओढून बसवायची,
तेव्हा भांग उजवीकडून होता तुझा."

तो काही बोलला नाही.
फोन साबणानं भरला होता, तो पुसत बसला.

पैसे मी पूर्ण घेतले.
झाडायला केसभरही नव्हतं,
तरी झाडत दारापर्यंत गेलो त्याच्या मागं.

वारा होताच.
सवयीनं त्याचा हात वर गेला,
आणि तिथं त्याला काही कामच सापडलं नाही.
रस्त्यापलीकडं, बंद सिनेमाघरापाशी,
पावाची पिशवी घेऊन एक बाई उभी होती.
तिला वाटलं, आपल्यालाच.
तिनं पिशवी डाव्या हातात घेतली
आणि उजवा हात उंच केला.

मग त्याला तो हलवावाच लागला.